संपाचं बारसं कुणी केलं?



शब्द सगळ्यांचे असतात, असं शाळेत मास्तर सांगायचे. सगळ्यांचे असते तर आमच्या आज्याला हाक मारताना गावाने त्याचं नाव टाकून जात का वापरली असती? शब्द कुणाच्या तरी तोंडातून निघतो आणि कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडतो. फेकणारा कोण आणि झेलणारा कोण, हे बघितल्याशिवाय मी कुठलाच शब्द खिशात टाकत नाही.

परवा एका बैठकीत एक शिकलेला मित्र म्हणाला, संप ही कामगाराला युरोपने शिकवलेली गोष्ट, आपण फक्त नक्कल केली. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. वाद घालायला माझ्याकडे पदवी नाही, पण फुटपाथवर घेतलेल्या फाटक्या डिक्शनऱ्या आहेत आणि धक्क्यावर लागणारी जहाजं आहेत. म्हटलं बघू तरी, ज्या युरोपने शिकवलं म्हणतात तो युरोप स्वतः संपाला काय म्हणतो. बघितलं तर च्यायला, एका गोष्टीला दहा नावं, आणि प्रत्येक नावाचा बाप वेगळा.

आपण गोदीत ज्याला स्ट्राइक म्हणतो तिथून सुरू करू. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मारणं, ठोसा देणं असा आपल्याला माहीत. म्हणून वाटतं, मालकाला ठोसा दिला म्हणून स्ट्राइक. तसं नाही. जहाजावरच्या भाषेत स्ट्राइक म्हणजे शीड खाली उतरवणं. १७६८ साली वसंतात आधी संडरलँडच्या बंदरात आणि मे महिन्यात लंडनच्या थेम्स नदीत खलाश्यांनी पगारवाढीसाठी जहाजांची शिडं, डोलकाठ्यांचे आडवे वासे खाली घेतले. शीड खाली म्हणजे जहाज हलणार नाही. जहाज हलणार नाही म्हणजे व्यापाऱ्याचा पैसा पाण्यावर नुसता डुलत राहणार. त्या उतरवण्यालाच पुढे साऱ्या कामगारांनी आपलं म्हटलं. विणकराकडे शीड नव्हतं, खाणीतल्या माणसाने समुद्र बघितला नव्हता, तरी त्यांनी स्ट्राइकच म्हटलं.

आता यातली खरी गंमत बघा. समुद्रावर शीड उतरवणं ही त्याआधी शरणागतीची खूण होती. बलाढ्य राजाचं लढाऊ जहाज समोरून आलं की दुबळ्याने शीड खाली घ्यायचं, झेंडा खाली घ्यायचा. नाही घेतला तर तोफ. इंग्रज आपल्या समुद्रात परक्या जहाजांकडून हा मुजरा वसूल करायचे. म्हणजे तो समुद्रावरचा जोहारच होता. खलाश्याने तोच जोहार उचलला आणि उलटा फिरवला. तेच शीड, तोच दोर, खाली घेणारे तेच हात. फक्त या वेळी हुकूम कुणी दिला नव्हता.

पण मला या कथेत खलाश्यांपेक्षा दुसरी माणसं जवळची वाटतात. त्याच वर्षी, त्याच नदीवर, वॉपिंग आणि शॅडवेल भागात जहाजातून कोळसा उपसणारे मजूर होते. बहुतेक आयरिश, लंडनच्या लेखी घाणेरडे, उपरे. त्यांचा टोळीवाला दारूचा गुत्ताही चालवायचा. काम पाहिजे तर त्याच्याच गुत्त्यात पी, मजुरीतला वाटा तिथेच ठेव. आमच्या बापजाद्यांनी मुंबई बंदरात टोळीवाले बघितलेत, त्यांना हे सांगायची गरज नाही. या कोळसेवाल्यांनीही काम बंद केलं. मग कोळशाच्या जहाजांवरचे खलाशी स्वतःच कोळसा उतरवायला लागले. दोघांत मारामाऱ्या झाल्या, खून पडला. एका गुत्तेवाल्याच्या घरावर गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून २६ जुलै १७६८ रोजी शॅडवेलच्या मैदानात सात कोळसेवाल्यांना एकाच दिवशी फासावर दिलं.

शब्द खलाश्यांचा झाला आणि दोर कोळसेवाल्यांच्या गळ्यात पडला. इंग्रजी डिक्शनरीत शीड सापडतं, तो दोर सापडत नाही.

आता फ्रान्स. तिथे संपाला ग्रेव्ह म्हणतात. ग्रेव्ह म्हणजे वाळू-खडीचा किनारा. इंग्रजी ग्रॅव्हल म्हणजे खडी, ती याचीच बहीण. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठावर असा एक किनारा होता, त्याचा चौक झाला, नाव पडलं प्लास द ग्रेव्ह. होड्यांतून धान्य, दारू, लाकूड तिथे उतरायचं. म्हणून बेकार माणसं पहाटेपासून तिथे उभी राहायची, कुणी हमालीला बोलवेल म्हणून. आपल्याकडे आजही प्रत्येक उपनगरात मजूर नाका आहे. थापी, घमेलं, ब्रश घेऊन माणसं उभी असतात, दहा वाजले की ज्याला कुणी नेलं नाही तो मान खाली घालून घरी जातो. तोच नाका. तिथे उभं राहणं म्हणजे ग्रेव्हवर असणं. म्हणजे मुळात या शब्दाचा अर्थ होता, काम मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ झाला, काम करत नाही. ज्या वाळूवर उभा राहून तो मालकाची वाट बघायचा, त्याच वाळूवर उभा राहून त्याने मालकाला वाट बघायला लावली.

आणि हाच चौक फाशीचाही होता. कैक शतकं सरकार माणसांना तिथे जाहीर मारायचं. २५ एप्रिल १७९२ रोजी गिलोटीन पहिल्यांदा चाललं ते याच चौकात. राजा गेला, क्रांती झाली, समता-बंधुता आली. पण त्याच क्रांतीने १७९१ साली कायदा करून कामगारांना एकत्र यायची बंदी केली होती, हे आपल्याकडची क्रांतीची भाषणं सांगत नाहीत. फ्रान्समध्ये संप गुन्हा राहिला नाही तो १८६४ साली. तोवर कायद्याच्या पुस्तकात या गोष्टीला संगनमत म्हणायचे. ग्रेव्ह हा शब्द रस्त्यावरचा, तो कायद्याला मागाहून शिकावा लागला. पुढे पोर्तुगीज, रुमानियन, अगदी तुर्की माणसानेही तोच उचलला. त्यांच्याकडे ती नदीही नाही न ती वाळूही.

आतापर्यंतचे दोन्ही शब्द हातावर पोट असणाऱ्यांचे. आता दुसऱ्या बाजूचे बघा.

इटलीत संप म्हणजे शोपेरो. मूळ लॅटिन: कामाच्या बाहेर. कामाला लॅटिनमध्ये ऑपेरा. हो, तोच ऑपेरा, आपल्या गिरगावातल्या ऑपेरा हाऊसचा. मखमलीच्या खुर्च्यांवर बसून गाणं ऐकणं हे काम, आणि गोणी खाली ठेवणं हे कामाबाहेर! याच घरातला दुसरा शब्द शोपेराटो. त्याचा अर्थ ऐदी, कामचुकार, ओवाळून टाकलेला. हा शब्द कुठल्या खिडकीतून बघून ठेवलाय ते सांगायला नको.

स्पेनमध्ये वेल्गा. याचं मूळ मला फार आवडतं. लॅटिनमध्ये फॉलिस म्हणजे लोहाराचा भाता. भात्यासारखं धापा टाकणं यावरून दम खाणं, दम खाण्यावरून विसावा, विसाव्यावरून रिकामपण आणि रिकामपणावरून संप. आठ तास पाठीवर ओझं वाहून जो खाली बसला, त्याच्या छातीचा भाता या शब्दात अजून चालू आहे. पण त्याच शब्दाचा अंदलुसियातला उच्चार ह्वेर्गा, त्याचा अर्थ मौजमजा, रात्रभर दारू पिऊन धिंगाणा. एकच शब्द, एका गल्लीत दम, दुसऱ्या गल्लीत चैन. शिवाय बुर्गोस शहरात बाराव्या शतकात राजाने बांधलेला एक श्रीमंत मठ आहे, त्याचं नाव लास वेल्गास. विसाव्याची जागा म्हणा, नांगर न लागलेली कुरणं म्हणा. तिथे वेल्गा पवित्र. १९३९ पासून १९७५ पर्यंत फ्रँकोच्या राज्यात मजुराने वेल्गा केली की तुरुंग. तरी १९६२ साली अस्तुरियासच्या खाणमजुरांनी केलीच. आमच्या धक्क्यावर फिलिपिनो खलाशी येतात, तेही संपाला वेल्गाच म्हणतात. स्पॅनिश साहेब तीनशे वर्षं राहून गेला, जाताना हा शब्द मागे राहिला. साहेबाला ठाऊक असता तर सामानात बांधून नेला असता.

शेजारच्या कॅटलानमध्ये वागा. तोही रिकामा, मोकळा असण्यावरून आलेला. मालकांचाच शब्द. पण १९१९ साली बार्सेलोनात विजेच्या कंपनीतल्या मजुरांनी जी वागा केली ती ४४ दिवस चालली, शहर अंधारात गेलं आणि स्पेनच्या सरकारला आठ तासांच्या दिवसाचा हुकूम काढावा लागला. रिकामटेकड्यांनी जगाला घड्याळ लावून दिलं म्हणायचं.

जर्मनांची गंमत निराळी. इंग्रजी स्ट्राइकचा सख्खा भाऊ त्यांच्या घरात होता, श्ट्राइखन. त्याचा अर्थ पुसणं, रंग फासणं, आणि शीड उतरवणंसुद्धा! तरी संपासाठी त्यांनी इंग्रजांकडूनच शब्द उसना आणला आणि श्ट्राइक असा लिहिला. पोलंडनेही इंग्रजीच घेतला. १४ ऑगस्ट १९८० रोजी ग्दान्स्कच्या गोदीत जो स्ट्राइक झाला तो कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या सरकारच्या विरुद्ध होता, आणि गोदीला नाव लेनिनचं. यावर जास्त लिहीत नाही, आमच्यातलेच काही मित्र रागावतील.

रशियनमध्ये दोन शब्द. एक झाबास्तोव्का. इटालियन बास्ता म्हणजे पुरे. तो पत्त्यांच्या डावातून रशियात गेला. पैसे लावणं थांबवलं की खेळणारा बास्ता म्हणायचा. आपला बस आठवेल, पण तो फारशीतून आलाय, दोघांचं नातं जोडू नका. तर रशियन मजूर मुळात म्हणतो, बास, आता या डावात मी माझं आयुष्य लावत नाही. दुसरा शब्द जुना, स्ताच्का. त्याचा आधीचा अर्थ गुपचूप केलेला करार, संगनमत.

इथे मी थांबलो. कारण आपला संप हाच आहे. गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा, सलोखा. घरात संप आहे म्हणजे घरात भांडण नाही. मराठीतही जुना अर्थ एकीचाच. (संपादक या शब्दातही संप दिसतो म्हणून कुणी मला विचारू नये. संपादकांचा संपाशी फारसा संबंध नसतोच.) कुणी काम थांबवण्यावरून नाव ठेवलं, कुणी उभं राहण्याच्या जागेवरून, कुणी आळसावरून. आपल्या भाषेने एकीवरून ठेवलं. सुंदर शब्द आहे. पण एकी कुणाची?

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे आणि आमच्या थुंकीने इतरांचं तोंड बाटे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच प्रश्न केला, की ही मागणी तुमच्या यादीत का नाही. लाल झेंड्याखाली संप होता, संपात संप नव्हता. त्याच बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचं दुसरं नाव असं ठणकावलं आणि ७ नोव्हेंबरला कामगारांना घेऊन एक दिवसाचा संप केला. शब्द टाकून दिला नाही. आधी त्यात काय भरलंय ते विचारलं.

एक शब्द राहिला. डच भाषेत संपाला स्टाकिंग म्हणतात. स्टाकेन म्हणजे थांबणं. बस एवढंच. शीड नाही, वाळू नाही, भाता नाही. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये नाझींनी ज्यूंच्या वस्तीत चारशेहून जास्त तरुण ज्यू पोरं भर चौकात गुडघ्यावर बसवली आणि नेली. त्यातली जवळजवळ सगळी छळछावणीत मेली. २५ तारखेला सकाळी ट्राम निघाल्या नाहीत. गोदीत क्रेन हलल्या नाहीत. कम्युनिस्टांनी वाटलेल्या पत्रकात त्या साध्या क्रियापदाचा हुकूम तीनदा छापला होता: थांबा, थांबा, थांबा. थांबणाऱ्यांतले बहुसंख्य ज्यू नव्हते. बोनस मागत नव्हते, पगारवाढ मागत नव्हते. शेजारच्या वस्तीतली पोरं नेली म्हणून ट्रामवाले आणि गोदीवाले थांबले. दोन दिवसांत जर्मनांनी गोळ्या घालून संप मोडला.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी आपली दहा माणसं मेली, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. म्हणून धक्क्यावरच्या म्हाताऱ्या कामगारांना विचारत फिरतोय, की त्या दिवशी दुसऱ्या पाळीला कुठल्या टोळीने हूक खाली ठेवला होता. वस्त्या रस्त्यावर आल्या ते सगळे सांगतात. मी विचारतोय ते वस्त्यांबाहेरच्यांचं. कुणाला आठवत असेल तर आमच्या पत्त्यावर लिहून कळवा. नाव आणि बिल्ला नंबर नाही दिला तरी चालेल, पुढच्या अंकात छापू.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये ज्या चौकात त्या पोरांना बसवलं होतं तिथे १९५२ पासून एक पुतळा उभा आहे. राजाचा नाही, सेनापतीचा नाही. गोदी कामगाराचा आहे. अंगाने आडवा, बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हात रिकामे.