चावी देण्याआधी...

“काकू, जरा गाडी द्या ना, तालुक्याला जाऊन येतो.” पुतण्याला नाही कसं म्हणणार? पण मैत्रिणींनो, विमा चालू असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल, तर धडक बसलेल्याची भरपाई विमा कंपनी देते. लायसन्स नसेल तर तो पैसा मालकाकडून वसूल होऊ शकतो. गाडी आपल्या नावावर असेल, तर आपल्याकडूनच! चालवणारा अल्पवयीन असेल तर २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद.

आणखी एक. पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा फक्त मालकाचा. उसनी गाडी नेणाऱ्याला काही झालं, तर त्याच्या घरच्यांना त्यातलं काही मिळेलच याची खात्री नाही. म्हणून आधी लायसन्स बघा, पॉलिसीची तारीख बघा, मगच चावी द्या. पुतण्या रुसला तर रुसू दे, घरी सुखरूप तरी येईल.