‘एसी काढून टाका’ म्हणणाऱ्यांना

जुनी गाडी हौसेने विकत घेणाऱ्याला पहिल्याच महिन्यात जे सल्ले मिळतात, त्यांतला सर्वांत ठाम सल्ला म्हणजे “एसी काढून टाका.” गॅरेजवाला सांगतो, जुन्या गाड्यांच्या वर्तुळातले ज्येष्ठ सांगतात, आणि ज्याने स्वतःच्या गाडीचा एसी आधीच काढला आहे तो तर हमखास सांगतो. कारणे तयारच असतात. इंजिनावर लोड येतो. गाडी गरम होते. जुना गॅस आता मिळत नाही. खर्च भलताच येतो. आणि शेवटी, क्लासिक गाडीत एसी शोभत नाही.

मला हा सल्ला मुळातच चुकीचा वाटतो. जी गाडी एसीसह विकली गेली, तिचा एसी दुरुस्तच करावा. काढण्याचा निर्णय योग्य ठरतो अशाही गाड्या आहेत, पण त्या थोड्या आहेत आणि त्यांची लक्षणे वेगळी आहेत. त्यांच्याकडे पुढे येतोच.

हा वाद हवेत घालण्यात अर्थ नाही, म्हणून एक गाडी समोर ठेवू. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या सांगाड्यावर बेतलेली ही गाडी १९८४ मध्ये आली आणि तिचे उत्पादन २००२ मध्ये थांबले. ऐटीत बसून जाण्याची गाडी म्हणून आपल्याकडे तिची ओळख होती. गार हवेत, काचा वर करून प्रवास करणे हा त्या ऐटीचाच भाग होता. आज महाराष्ट्रात हौशी लोकांकडे ज्या कॉन्टेसा दिसतात, त्यांतल्या कित्येकींच्या डॅशबोर्डवर एसीच्या जाळ्या आहेत, स्विच आहे आणि त्यामागे काहीच नाही. ब्लोअर लावला की बॉनेटखालची गरम हवा तोंडावर येते.

आता लोडचा मुद्दा. तो खोटा नाही, पण तो ज्या गाडीबद्दल खरा होता तिच्यापुरताच खरा आहे. सुरुवातीच्या कॉन्टेसात ॲम्बॅसडरचेच १.५ लिटरचे इंजिन होते, सुमारे ५० हॉर्सपॉवरचे. एवढी जड गाडी ओढताना ते आधीच दमत असे. त्यात एसीने तीन-चार हॉर्सपॉवर खाल्ली की घाटात दुसऱ्या गिअरवर यावे लागे. लोकांची तक्रार रास्त होती. पुढे कॉन्टेसा क्लासिकमध्ये इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आले आणि ताकद ८० हॉर्सपॉवरच्या पुढे गेली. गाडीचे हे दुखणे तिथेच संपायला हवे होते. पण अपकीर्ती संपली नाही. १.५ च्या अनुभवावर बनलेले मत १.८ ला चिकटले आणि गॅरेजमधून गॅरेजमध्ये जात आजपर्यंत टिकले. शिवाय कॉम्प्रेसरच्या पुलीवर मॅग्नेटिक क्लच असतो. एसी बंद असला की पुली नुसती बेअरिंगवर फिरते, कॉम्प्रेसर फिरतच नाही. म्हणजे चढावर बटण बंद केले की सगळी ताकद परत चाकांना मिळते. जी गोष्ट एका बोटाने थांबते, ती थांबवण्यासाठी पाने घेऊन बसण्याची गरज काय?

गाडी गरम होण्याचा मुद्दा जास्त गंभीर आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो. तो स्वतः उष्णता सोडतो आणि रेडिएटरकडे जाणारी हवाही अडवतो. पण ही रचना असलेल्या लाखो गाड्या भर उन्हाळ्यात नागपूरच्या सिग्नलवर उभ्या राहतात आणि उकळत नाहीत. जी गाडी एसी लावताच उकळते, तिच्या रेडिएटरच्या नळ्या बहुधा क्षाराने बुजलेल्या असतात, वॉटर पंप थकलेला असतो, फॅनभोवतीचे कव्हर कोणीतरी काढून फेकलेले असते. एसीने फक्त ते उघडकीला आणले. अशा वेळी एसी काढणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आज एसी काढून गाडी थंड राहिली, तरी तोच बुजलेला रेडिएटर घेऊन ती मे महिन्यात कसारा चढणार आहे.

हीच वृत्ती आपल्या गॅरेजांत थर्मोस्टॅटच्या बाबतीत दिसते. गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून मालकाच्या हातात ठेवायचा. त्यामुळे इंजिनाला योग्य तापमान गाठायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. पण मालक खूश, कारण काटा खाली आला. दुखणे शोधायला वेळ लागतो, भाग काढायला लागत नाही. म्हणून भाग काढला जातो. माझा राग आहे तो या सवयीवर. जुन्या गाड्यांचे जितके नुकसान गंजाने केले, त्याच्या जवळपास या सवयीने केले असेल.

आता गॅस. जुन्या कॉन्टेसातला एसी आर-१२ या गॅसवर चालत असे. हा क्लोरोफ्लुओरोकार्बन वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन ओझोन नष्ट करतो, म्हणून १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पर्यंत आपल्याकडेही एसी-फ्रिजसाठीचे त्याचे उत्पादन संपले. त्यामुळे “जुना गॅस मिळत नाही” हे अगदी खरे. पण त्यातून “म्हणून एसी काढा” हा निष्कर्ष निघत नाही. आर-१३४ए हा गॅस आज गल्लीतल्या एसीवाल्याकडे मिळतो आणि जुनी यंत्रणा त्यावर नेता येते. फक्त ते काम नीट करावे लागते, आणि बहुतेकांचे बिनसते ते इथे.

आर-१२ बरोबर जे खनिज तेल कॉम्प्रेसरमध्ये असायचे, ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते तसेच ठेवले तर तेल कुठेतरी साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून जुने तेल काढायचे, नळ्या धुवायच्या, नवे एस्टर तेल घालायचे. ड्रायर नवा हवा, कारण जुन्या ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे नव्या गॅसला टिकत नाहीत. सगळ्या जोडांच्या ओ-रिंग बदलायच्या. रबरी होज जुने असतील तर आतून थर असलेले नवे होज मारून घ्यायचे. मग नायट्रोजन भरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडायचे. नंतर निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, आणि शेवटी गॅस, तोही वजन करून, मूळ आर-१२ च्या ८० ते ९० टक्के.

वजन करून, हे मुद्दाम सांगतो. जुन्या ड्रायरवर एक छोटी गोल काच असते. आर-१२ च्या काळात कारागीर त्या काचेत बघत गॅस सोडायचा. पांढरे बुडबुडे दिसेनासे झाले की गॅस पुरेसा झाला. हातात बसलेली ही रीत तो आर-१३४ए लाही लावतो. पण बदललेल्या यंत्रणेत गॅस योग्य असतानाही काचेत बुडबुडे दिसू शकतात. ते घालवण्याच्या नादात तो आणखी गॅस सोडतो, कंडेन्सरवरचा दाब भलताच चढतो, गारवा वाढण्याऐवजी कमी होतो, इंजिन खरोखरच तापते आणि क्लच जळतो. मग निकाल लागतो, “या गाडीला एसी झेपत नाही, काढून टाका.” गाडीला एसी झेपत होता. त्या काचेवर विसंबणे तिला झेपले नाही.

यावर कोणी स्वस्तातला उपाय म्हणून स्वयंपाकाच्या जातीचा ज्वलनशील गॅस भरून देतो. तो गार करतो यात शंका नाही. पण कूलिंग कॉइल गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली असते आणि तिला तडा गेला तर तो गॅस बंद काचांच्या आत साचतो. आत बसलेल्या माणसांसह. तशा दुरुस्तीपेक्षा एसी काढलेला शंभर पटींनी बरा, एवढे मी विरोधकांना मोकळेपणाने देतो.

मला सर्वांत खटकते ते हे, की ही सारी चर्चा उकाड्याभोवतीच फिरते. “आम्ही रविवारी सकाळी सातला निघतो, नऊला परत येतो, एसी कशाला?” ठीक आहे. पण जुलैत आंबोलीचा घाट किंवा खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुढे जाताना काय होते ते पाहा. बाहेर मुसळधार पाऊस, आत चार माणसे, काचा बंद. पाच मिनिटांत पुढच्या काचेवर आतून वाफ धरते. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने फडके मारतो. फडके फिरवलेल्या जागी तेलकट पट्टा उरतो आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्यात फुटून दिसतात. काच खाली करावी तर पाऊस आत. एसी इथे वेगळेच काम करतो. हवा थंडगार कॉइलवरून जाताना तिच्यातली ओल कॉइलवर धरते आणि नळीतून रस्त्यावर ठिबकते. कोरडी झालेली हवा काचेवर सोडली की वाफ उडते. सह्याद्रीच्या पावसात गाडी चालवणाऱ्याला एसी ही सुरक्षेची गोष्ट आहे. ती ‘चैन’ म्हणून काढून टाकणाऱ्यांनी पावसाळ्यात गाडी बाहेर काढलेली नसते, आणि चार महिने उभ्या गाडीचे ब्रेक धरले, टाकी गंजली की तेच हळहळतात.

उन्हाळ्याचेही एक सांगायला हवे. पूर्वी एसी बिघडला तर लोक काचांना काळी फिल्म लावून भागवत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या फिल्मवर बंदी घातली. वडीलधाऱ्यांना घेऊन एप्रिलमध्ये लग्नाला अकोल्याला जायचे असेल, तर कॉन्टेसा घरी राहते आणि नवी गाडी निघते. अशी गाडी हळूहळू कुटुंबाची राहत नाही, एकट्या माणसाचा छंद होते. आणि एकट्याचा छंद झालेल्या गाड्या पुढची पिढी विकून टाकते.

“क्लासिक गाडीत एसी शोभत नाही” हे तर इतिहासालाच धरून नाही. अमेरिकेत पॅकार्डने १९४० च्या मॉडेलसाठी, म्हणजे १९३९ मध्येच, कारखान्यात बसवलेला एसी देऊ केला. त्याची कॉइल डिकीत होती, क्लच नव्हता, आणि बंद करायचा तर इंजिन थांबवून बेल्ट उतरवावा लागे. १९५४ मध्ये नॅशने सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणली. आपल्या कॉन्टेसाच्या आधी तीस वर्षांची ही गोष्ट. एसीसह जन्मलेल्या गाडीचा एसी काढणे म्हणजे तिचे मूळ रूप बदलणे. कोणी विंटेज नोंदणीचा धाक घालत असेल, तर २०२१ चा केंद्रीय नियम वाचावा. ५० वर्षांवरच्या गाडीत त्याला मोठे फेरफार चालत नाहीत ते चॅसी, बॉडी आणि इंजिनात. होज आणि ड्रायर बदलल्याने कोणाची नोंदणी अडणार नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. कंडेन्सर, होज, ड्रायर हे भाग मापाने मिळतात. कॉम्प्रेसर गेलाच असेल तर सॅन्डनचा एसडी-५०८ आणि त्याच घराण्यातले कॉम्प्रेसर जगभर ट्रॅक्टर-ट्रकांवर चालतात, ब्रॅकेट तेवढे बनवून घ्यावे लागते. खरा खर्च मजुरीचा. मर्सिडीजची डब्ल्यू-१२४, जी १९९५ पासून पिंपरीला जुळवली जाऊ लागली, तिची कूलिंग कॉइल गळली तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. हे बिल मोठे असते, नाकारत नाही. पण हेच लोक रंगकामावर आणि क्रोमवर त्याहून जास्त खर्च करतात आणि त्याला खर्च म्हणत नाहीत.

काढणे फुकटचे आहे, ही समजूतही सोडावी. होज कापून गॅस हवेत सोडणे हा गुन्हा मानला पाहिजे. जुन्या यंत्रणेत उरलेला आर-१२ ओझोनला तर मारकच, शिवाय तापमानवाढीत तो तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,००० पट भारी आहे. आणि नळ्या जिथून आत जात होत्या ती फायरवॉलवरची दोन भोके? एम-सील किंवा चिंधी कोंबून बुजवलेली अशी भोके मी पाहिली आहेत. पावसाचे पाणी तिथून आत उतरते, गालिच्याखालचा जाड थर महिनोन्महिने ओला राहतो, आणि कळते तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबला जातो.

मग काढावा केव्हा? प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत केव्हाही. १०८९ सीसीचे छोटे इंजिन, डॅशबोर्डखाली नंतर लटकवलेले युनिट, गुडघ्याला लागणारे. त्या गाडीला पुढच्या दारांत तिकोनी काचा दिल्या आहेत, त्या फिरवल्या की वारा थेट छातीवर येतो. ती गाडी तशीच घडवलेली आहे. अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असलेल्या गाड्यांतही एसीचा हट्ट धरू नये. सिग्नलवर उभे असताना डायनॅमो ब्लोअर, क्लच आणि जादा पंखा हे सारे पोसू शकत नाही. कोणीतरी बाहेरून ठोकलेले, बॉडीला भोके पाडून बसवलेले एसी काढावेत आणि ती भोके वेल्डिंगने बुजवावीत.

काढायचाच असेल तर आधी यंत्राने गॅस ओढून घ्यायला लावा. कॉम्प्रेसरमध्ये तेल असू द्या आणि त्याची तोंडे टोपणाने बंद करा. ब्रॅकेट, पुली, बोल्ट, डॅशबोर्डमागची डक्ट, स्विच, सगळे एका खोक्यात भरून त्यावर गाडीचा नंबर लिहा. पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये ५० वर्षांच्या होतील. तेव्हा त्यांचे ब्रॅकेट कोणत्याही दुकानात मिळणार नाही. आणि ज्यांचा एसी अजून जागेवर आहे, पण चालत नाही म्हणून बंद आहे, त्यांनी या आठवड्यात एवढेच करावे: कोणालाही गॅस भरायला न सांगता फक्त नायट्रोजनवर लीक शोधून घ्यावी, आणि कारागीर कोणत्या जोडावर साबणाचे फुगे दाखवतो ते स्वतः वाकून पाहावे.