रंग नंतर, आधी काच

भट्टीत काचा वितळवून चित्र करायचे म्हटले की आम्ही कलाविद्यार्थी प्रथम रंगांवर भाळतो. जुन्या तावदानांचे तुकडेही गोळा करतो. मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या खिडक्यांत कुठलीही काच कुठल्याही काचेशेजारी नांदते, कारण मध्ये शिशाची पट्टी आहे. भट्टीत तशी सोय नाही. तेथे सुमारे ८०० अंशांवर काचा एकजीव होतात आणि निवताना आपापल्या मापाने आकसतात.

या कामाच्या काचांना ९० किंवा ९६ असा प्रसरणाचा आकडा असतो. या दोन जातींच्या ३० सेंटिमीटर तुकड्यांत ५०० अंश निवताना फरक पडतो अवघा ०.०९ मिलिमीटर! तेवढ्याने काम तडकते. कधी चार दिवसांनी, भिंतीवर टांगल्यावर.

आपल्या भद्रावतीच्या मातीकाम करणाऱ्यांना हे नवे नाही. माती आणि ग्लेझ यांचे आकसणे जुळले नाही, तर भांड्यावर बारीक जाळी पडते.

म्हणून माझे मत असे की, आकडा ठाऊक नसलेली काच कितीही देखणी असो, घेऊ नये. त्यापेक्षा एकाच साध्या तावदानाचे तुकडे करून त्यांवर काचेवरचे भाजणीचे रंग द्यावेत. मोह आवरतच नसेल, तर नखाएवढा तुकडा आपल्या मूळ काचेच्या पट्टीवर भाजून दोन पोलरॉइड फिल्म आडव्या-उभ्या धरून त्यांमधून पाहावा. कडेला उजेडाचे वलय दिसले, तर ती काच बाजूला ठेवावी.