शहर मध्यचा निकाल : मतं फुटली, पण नेमकी कोणाची?

निकाल लागल्यापासून विजापूर वेशीतल्या चहाच्या टपरीवर आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एकच वाद चालू आहे. एक जण म्हणतो, पतंगाने पंजाची मतं खाल्ली. दुसरा म्हणतो, उलटं आहे, पंजा उभा राहिला म्हणून पतंग कटला. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघांचाही राग आपल्याच माणसावर निघतो. आम्ही म्हटलं, भांडणाआधी जरा आकडे तर मांडून बघू.

20 नोव्हेंबर 2024 ला मतदान झालं, 23 ला मोजणी. सोलापूर शहर मध्यमधून भाजपचे देवेंद्र कोठे 1 लाख 10 हजारांवर मतं घेऊन निवडून आले. एमआयएमचे फारूक शाब्दी 61 हजारांवर थांबले. काँग्रेसचे चेतन नरोटे 16 हजारांच्या आसपास राहिले, आणि तीन वेळा आमदार राहिलेल्या आडम मास्तरांना पाच आकडीही गाठता आली नाही. आता शाब्दी, नरोटे आणि मास्तर या तिघांची बेरीज करा. नव्वद हजारांच्या आत राहते. म्हणजे तिघांनी एकच उमेदवार दिला असता आणि प्रत्येक मत त्याच्याच पारड्यात पडलं असतं, तरी कमळ वीस हजारांनी पुढेच होतं. मतविभागणीमुळे जागा गेली, हे गणित इथे बसत नाही.

मग आधी ही जागा राहत कशी होती? 2014 मध्ये प्रणिती शिंदे जवळपास 47 हजार मतांवर आमदार झाल्या. त्या वेळी युती तुटलेली होती. शिवसेनेकडून महेश कोठे लढले, भाजपचा उमेदवार वेगळा. या दोघांची मतं 56 हजारांच्या पुढे जात होती. 2019 ला ताई 51 हजारांवर जिंकल्या, तेव्हा सेनेचे अधिकृत उमेदवार दिलीप माने होते आणि महेश कोठे बंडखोरी करून अपक्ष उभे होते. दोघांची बेरीज पुन्हा 59 हजारांवर. दोन्ही वेळा एमआयएमचा उमेदवार दुसऱ्या नंबरवर होता, 37-38 हजार मतं घेऊन. आपण दहा वर्षं समजत आलो की काँग्रेस आपल्या एकगठ्ठा मतांवर येते. आमच्या मते ती समोरच्यांच्या भांडणावर येत होती. 2024 ला समोरचं भांडण मिटलं आणि खरा हिशेब उघडा पडला.

हा हिशेब कटू आहे, पण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. शाब्दींची मतं 2019 च्या 38 हजारांवरून 61 हजारांवर गेली. म्हणजे समाजातल्या मोठ्या वर्गाने या वेळी पंजा सोडून पतंग धरला. का सोडला, हे काँग्रेसच्या शहरातल्या पुढाऱ्यांना ठाऊक आहे. लोकसभेला आपल्या मोहल्ल्यांत रांगा लागल्या, प्रणितीताई 74 हजारांवर मताधिक्याने खासदार झाल्या. 2019 मध्ये सुशीलकुमार शिंदे दीड लाखाहून जास्त मतांनी पडले होते. वंचितकडून खुद्द प्रकाश आंबेडकर उभे होते आणि त्यांनी 1 लाख 70 हजार मतं घेतली होती. त्यानंतर हा एवढा फरक पडला. पण त्याच लोकसभेत आघाडीने राज्यातल्या 48 पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नव्हता. ताई दिल्लीला गेल्यावर शहर मध्यची मोकळी जागा तरी समाजाला मिळेल, अशी आशा होती. ती मिळाली नाही. एमआयएमने आघाडीत घ्या म्हणून पत्र दिलं, त्याचंही काही झालं नाही. मत मागायला यायचं आणि तिकिटाच्या वेळी तोंड फिरवायचं, हे किती दिवस चालणार होतं?

अर्थात एमआयएमलाही एक प्रश्न विचारावाच लागेल. 61 हजार ही आपल्या मतांची कमान आहे. तिच्या पलीकडे पद्मशाली विणकर, बिडी वळणाऱ्या तेलुगू बाया, दलित वस्त्या, लिंगायत घरं आहेत. त्यांच्या दारात पतंग कधी गेला? शहर मध्यमध्ये फक्त आपल्या मतांवर कुणी निवडून येत नाही. ओवैसी साहेबांच्या सभेला गर्दी जबरदस्त होते, पण तशाच सभेच्या क्लिप दुसऱ्या मोहल्ल्यात मोबाईलवर फिरतात आणि तिथली मतं घट्ट बांधली जातात. या वेळी तर ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘व्होट जिहाद’ची हवा आधीच होती. जोडीला लाडकी बहीण. जुलैपासूनचे दीड हजार रुपये खात्यात पडत होते, ते आपल्याही घरात आले. आघाडीने तीन हजारांचं वचन दिलं, पण हातात आलेले दीड हजार आणि कागदावरचे तीन हजार यांत बाई काय निवडते हे कुणी सांगायला नको.

आता जिल्ह्याकडे बघा. राज्यात महायुतीला 288 पैकी 230 च्या वर जागा मिळाल्या, आघाडी पन्नाशीच्या आत आली. पण सोलापूर जिल्ह्यात 11 पैकी भाजपला पाचच. करमाळा, माढा, मोहोळ, माळशिरस शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे, बार्शीत ठाकरे सेनेचे दिलीप सोपल, सांगोल्यात शेकाप. जिथे साखर कारखाना, दूध संघ, सोसायटी यांच्यामुळे सगळ्या जातीची माणसं एका पुढाऱ्याकडे येतात-जातात, तिथे लाट अडली. तिथला मुसलमानही त्याच गटाबरोबर मत देतो, त्याचा वेगळा हिशेब कुणी मांडत बसत नाही. शहरातल्या तिन्ही जागा मात्र भाजपच्या. शहरात कधी काळी हे काम गिरण्यांच्या आणि बिडी कामगारांच्या युनियन करत होत्या. मास्तर त्याच जोरावर निवडून यायचे.

आघाडीचं आपसातलं तर विचारूच नका. दक्षिण सोलापुरात अधिकृत उमेदवार ठाकरे सेनेचे अमर पाटील, आणि ऐन मतदानाच्या दिवशी शिंदे पितापुत्रीने अपक्ष धर्मराज काडादींना पाठिंबा जाहीर केला. ठाकरे सेनेचा कार्यकर्ता त्यानंतर काय मनाने पंजासाठी फिरेल? निवडून आले सुभाष देशमुख.

आता महापालिकेकडे बघा. मार्च 2022 पासून पुढची काही वर्षं तिथे प्रशासक बसला होता, नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते प्रत्येक घराला माहीत आहे, आणि त्या काळात गाऱ्हाणं घेऊन जायला नगरसेवक नव्हता. 2017 ला 102 पैकी भाजपच्या 49 जागा आल्या, बहुमताला तीन कमी. शिवसेनेला 21, काँग्रेसला 14, एमआयएमला 9. तेव्हाही सेना-भाजप वेगवेगळे लढले होते. चार नगरसेवकांच्या प्रभागात एकाच मतदाराला चार मतं द्यायची असतात, त्यामुळे पॅनेलमध्ये शेजारच्या वस्तीचा माणूस घेतल्याशिवाय कुणाचंच भागत नाही. आपल्या प्रभागात असं पॅनेल कोण बांधतंय, आणि त्यात विणकराच्या नि दलिताच्या घरातलं कोण आहे, हे इच्छुक दारात येतील तेव्हा पहिल्यांदा विचारा. मतदार यादीत घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, हे त्याच्याही आधी बघून घ्या.