तिशीची वाट कशाला पाहायची?

आशाताई घरोघरी जाऊन जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांच्या जोडीने मनाविषयीचे दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला आहे का? उदास, निराश वाटते का? प्रश्न साधे आणि पारखलेले आहेत. पण हा फॉर्म भरला जातो तो तिशी ओलांडलेल्यांचा. मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे अभ्यास सांगतात. रक्तदाबाला शोभणारी वयाची अट मनालाही लावली गेली आणि ज्यांना विचारायला हवे तेच वगळले गेले.

२०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक. अशी बातमी आली की परीक्षा, मोबाइल आणि पालक यांवर चर्चा झडते. त्या मुलाने आधी एखाद्या दवाखान्याची पायरी चढली होती का, हे कोणी विचारत नाही.

मुले दवाखान्यात येतात. डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते म्हणून येतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत बारावीतली मुलगी स्टुलावर बसते, बोलते मात्र आई: ‘जेवतच नाही हो, सारखी पडून असते.’ डॉक्टर पापणी खाली ओढून बघतात, लोहाच्या गोळ्या लिहितात, पुढचा नंबर पुकारला जातो. मुलगी एक शब्दही बोललेली नसते. ‘आई, तुम्ही जरा बाहेर थांबा,’ एवढे म्हणायला कोणत्याही यंत्राची गरज नाही.

विचारून पुढे काय, हा आक्षेप मात्र रास्त आहे. परीक्षेच्या दिवसांत कोणतेही मूल ‘हो, उदास वाटते’ म्हणेल. दोन प्रश्नांनी निदान होत नाही. आणि ‘जगावेसे वाटत नाही’ असे सांगणाऱ्या पोराला रकान्यात खूण करून घरी पाठवणार असाल, तर ती तपासणी न केलेलीच बरी. पण प्रत्येकासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतो असेही नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक व्यक्तींना शिकवून समुपदेशक म्हणून आरोग्य केंद्रांत बसवले. सरकारी केंद्रांतले जास्त रुग्ण त्यामुळे बरे झाले, हे २०१० मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते रुग्ण प्रौढ होते. किशोरांसाठी पद्धत थोडी बदलावी लागेल, पण रस्ता तोच आहे. आपल्याकडे किशोरांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत, उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. त्यांना शिकवा, वेळ द्या, दार लावता येईल अशी खोली द्या. हे काम आशाताईंवर मात्र लादू नका. शेजारच्या घरातल्या बाईला अंगणात उभे राहून मनातले कोणती मुलगी सांगेल?

आरोग्य खात्याने मनाच्या प्रश्नांपुरती तिशीची अट काढावी. बारा वर्षांवरील प्रत्येक मुलाला केंद्रात एकट्याने बोलू द्यावे आणि ज्याचे उत्तर ‘हो’ येईल त्याची समुपदेशकाशी भेट त्याच आठवड्यात ठरवून द्यावी. तोवर, घरात कोणी असे मिटून बसले असेल तर वाचकांनी थांबू नये. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.