चिमटा कुणी उघडायचा?

बाईनं सायकल चालवायला आता कुणाचा विरोध उरलेला नाही, असं आपण धरून चालतो. सरकार मुलींना सायकली वाटतं, वाटपाचे फोटो छापून येतात, भाषणांत प्रगतीच्या चाकाचा उल्लेख होतो. विरोध कुठे शिल्लक आहे हे पाहायचं असेल तर सायकल बिघडल्यानंतर पाहावं. चाक फिरतंय तोवर सायकल तिची असते. ते थांबलं की ती भावाची, नवऱ्याची आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराची होते. भावाला सवड मिळेपर्यंत ती जिन्याखाली उभी राहते आणि तिच्याबरोबर मुलगीही घरात उभी राहते.

म्हणून मी आज एका फार लहान कामाबद्दल लिहिते आहे. डोंगरी सायकलचा पुढचा शॉकअप, म्हणजे दांडीत दांडी सरकणारा तो चिमटा, घरी उघडून साफ करणं. मुलींसाठी याचं एक दिवसाचं शिबिर घ्यावं, असं मी आमच्या गटात सुचवलं. आधी हसू उमटलं, मग आक्षेप आले. आक्षेप मैत्रिणींचे आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

आधी काम काय आहे ते सांगते, कारण या कामाचा दबदबा केवळ ते बंद नळीत चालतं म्हणून आहे. वरच्या दोन गुळगुळीत नळ्या खालच्या दोन जाड नळ्यांत वरखाली सरकतात. वजन पेलायला आत स्प्रिंग असते किंवा कोंडलेली हवा असते. उसळी आवरायला तेलाचं यंत्र असतं. खालच्या नळ्यांच्या तोंडाशी रबरी सील आणि त्याखाली तेलात भिजवलेली स्पंजाची कडी असते. सगळा खेळ या दोन वस्तूंचा. पावसाळ्यात चिखल सीलपाशी साचतो, स्पंज वाळतो, तेल काळं पडतं, नळीवरचा मुलामा घासला जातो. एकदा मुलामा गेला की दुरुस्ती नाही, महागडा सुटा भाग घ्यावा लागतो, कधी अख्खा चिमटाच. म्हणून काही कंपन्या खालच्या नळ्यांची सफाई ५० तास चालवल्यावर करायला सांगतात, काही १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा.

हवेचा चिमटा असेल तर आधी हवेचा दाब मोजून लिहून ठेवायचा आणि वाल्व दाबून सगळी हवा सोडायची. हा नियम मोडायचा नाही. कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण उघडू नये, हे ज्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही, तिला हे दोनदा सांगावं लागणार नाही. मग पुढचं चाक काढायचं, ब्रेक मोकळा करायचा. नळ्यांच्या तळाशी असलेले बोल्ट तीन-चार आटे सैल करायचे, त्यांवर रबरी हातोडीनं हलके ठोके द्यायचे, म्हणजे आतली दांडी सुटते. बोल्ट पूर्ण काढले की जुनं तेल खाली ठेवलेल्या थाळीत उतरतं आणि खालच्या नळ्या हातात येतात. सुती फडक्यानं सगळं पुसायचं. रॉकेल किंवा पेट्रोल रबराला लावायचं नाही, ते फुगतं. वरच्या नळीवरून नख फिरवायचं, ओरखडा असेल तर नखाला लागतो. स्पंजाची कडी नव्या तेलात भिजवायची, सीलला ग्रीस लावायचं, सीलची कड दुमडू न देता नळ्या परत चढवायच्या. माहितीपुस्तिकेत दिलं असेल तेवढंच तेल इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून तळाच्या भोकांतून घालायचं, बोल्ट नव्या वॉशरसह सांगितलेल्या ताकदीनं आवळायचे, हवा पूर्वीइतकी भरायची. जुनं तेल मोरीत ओतायचं नाही.

सरावाच्या हाताला दोन तास पुरतात. उसळी आवरणारं आतलं यंत्र मात्र उघडायचं नाही, त्याला वेगळी हत्यारं लागतात. कुठे थांबायचं हे कळणं हाही कामाचाच भाग आहे.

यात असं काय आहे, जे बाईच्या हाताला जमू नये? शिलाई मशीनला तेल देणं, बॉबिन केस उघडणं, धाग्याचा ताण जुळवणं, कुकरची गॅस्केट बदलणं ही कामं आपल्या आया पिढ्यान् पिढ्या करत आल्या. त्या कामांना कुणी तंत्रज्ञान म्हटलं नाही, कारण ती बाई करते. तीच करामत पुरुष दुकानात बसून करतो तेव्हा तो मिस्त्री होतो आणि पैसे घेतो. अवघड कोणतं आणि सोपं कोणतं हे यंत्र ठरवत नाही, ते करणारा कोण हे पाहून ठरतं.

माझ्या शहरातल्या एका दुकानात मी शॉकअपबद्दल विचारायला गेले, तेव्हा उत्तर आलं, ‘मॅडम, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’ सायकल माझी, टेकडी मी चढते, पैसे मी देते. पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे घेऊन ती परत मिळाली. घरी मी चिमटा उघडला तर स्पंज कोरडा आणि काळा होता. पुसलं होतं ते फक्त बाहेरून. ज्याला आत काय आहे ते ठाऊक नाही त्याला बाहेरून पुसून देणं सोपं असतं. दवाखान्यात, बँकेत, कोर्टात आपल्याशी रोज हेच होतं. आपल्या केंद्रात येणाऱ्या किती बायकांनी न वाचलेल्या कागदावर सही केलेली असते, ते आपण जाणतो.

आता आक्षेप. पहिला असा की, हे सुखवस्तू बायकांचं खूळ आहे, वस्तीतल्या मुलीला शॉकअपचं काय? महागड्या डोंगरी सायकली मूठभरांच्याच आहेत, हे मला मान्य आहे. पण दिखाऊ शॉकअप लावलेल्या स्वस्त सायकलीही बाजारात भरपूर आहेत आणि ‘गिअरवाली, शॉकअपवाली’ म्हणून त्या गरीब घरांना विकल्या जातात. त्यांच्या चिमट्यात बहुधा साधी स्प्रिंग आणि थोडं ग्रीस असतं. पाणी शिरतं, गंज धरतो, चिमटा अडकतो आणि सायकलचं वजन मात्र वाढलेलं राहतं. शाळेच्या रस्त्याला साधा, न हलणारा चिमटा बरा. जिनं एकदा असा चिमटा उघडून पाहिला आहे, ती बापाला दुकानात सांगू शकेल की याचे जादा पैसे देऊ नका. हे ज्ञान श्रीमंत मुलीपेक्षा गरीब मुलीच्या जास्त कामाचं आहे.

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. बाईच्या डोक्यावर कामं काय कमी आहेत, की आता तिनं नटबोल्टही आवळावेत? खरं आहे. दुरुस्तीचं काम स्वयंपाक, धुणीभांडी आणि नोकरी यांच्या वर चढवलं जाणार असेल तर ते मला नकोच. पण या दोन कामांत फरक आहे. पहिली सगळी ती दुसऱ्यांसाठी करते, हे ती स्वतःच्या जाण्यायेण्यासाठी करते. आणि त्यासाठी लागणारे दोन तास घरातून मागून घ्यावे लागतील. रविवारी दुपारी तिचे हात तेलात असतील तेव्हा भात दुसऱ्या कुणीतरी लावावा. ही मागणी शिबिराचाच भाग असली पाहिजे, नाहीतर शिबिर घेऊ नये.

तिसरा आक्षेप, गरीब मिस्त्रीच्या पोटावर पाय. मिस्त्री आपला शत्रू नाही. आतलं यंत्र त्याच्याकडेच जाईल, तेवढे पैसे त्याला समजून-उमजून देऊ. पण मला उलट विचारायचं आहे, या धंद्यात बाई का दिसत नाही? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून खेड्यातल्या, बहुतांशी निरक्षर बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. राजस्थानात तिलोनियाला बायकांनी हातपंप आणि पुढे सौरदिव्यांची जोडणी हातात घेतली. जमिनीखालून जड पाइप वर ओढणाऱ्या हातांना सायकलचा चिमटा जड जाईल काय?

हा वाद नवाही नाही. १८९६ साली न्यूयॉर्कच्या मारिया वॉर्ड यांनी बायकांसाठी सायकलचं पुस्तक काढलं, त्यात हत्यारं आणि दुरुस्ती यांना जागा दिली होती. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन परगण्याच्या डोंगरउतारांवर ही डोंगरी सायकल घडत होती, तेव्हा त्या टोळीत वेंडी क्रॅग होत्या. तिथल्याच जॅकी फेलन १९८३ ते १९८५ सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि त्यांनी पुढे बायकांची डोंगरी सायकल मंडळी उभी केली. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तो बायका आणि पुरुष दोघांसाठी एकाच वेळी. म्हणजे या सायकलवर बाई पहिल्यापासून आहे.

आपल्याकडेही १९९१ नंतर तमिळनाडूत पुदुकोट्टईच्या साक्षरता चळवळीत हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. बिहारनं २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना आणली. अभ्यासकांना तिथे मुलींची माध्यमिक शाळेतली पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. या योजनांचं मोल मी कमी लेखत नाही. एका सायकलनं मुलीचं लग्न दोन वर्षं पुढे ढकललेलं मी कामात पाहिलं आहे. म्हणूनच विचारते, सायकलबरोबर पाना का देत नाही? सायकल दिली की मुलगी उपकृत होते, टाळ्या वाजवते. पाना दिला की ती कुणाची वाट पाहत नाही. देणाऱ्याला पहिली गोष्ट आवडते.

तेव्हा मैत्रिणींनो, माझ्या मागण्या साध्या आहेत. सायकल मिळणाऱ्या प्रत्येक मुलीला पाना, एलन-की, पंप आणि पंक्चरचं सामान मिळावं. शाळेत दोन दिवस दुरुस्ती शिकवावी आणि शक्य तिथे शिकवणारी बाई असावी. आणि सरकारकडे बोट दाखवण्याआधी, आपल्या प्रत्येक केंद्राच्या कपाटात पुस्तकांशेजारी हत्यारांची एक पेटी ठेवावी. तिची किल्ली कुणा भाऊंकडे नसावी. पहिल्या दिवशी पंक्चर, दुसऱ्या दिवशी ब्रेक, आणि मुलींचा हात बसला की चिमटा.