ज्याचे पाणी त्याच्या कमरेला

वर्षावास संपला, की आमच्या वस्तीतली मंडळी अजिंठ्याची सहल काढतात. यवतमाळहून रात्री गाडी निघते, सकाळी फर्दापूरला पोहोचते. दोन वर्षांपूर्वीच्या सहलीत सगळ्यांचे पाणी दोन मोठ्या पाठपिशव्यांत भरले होते. त्या पिशव्या दोन तरण्या पोरांच्या पाठीवर दिल्या. हेतू चांगला होता, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ओझे नको. पण पोरांचे पाय तरुण, ती भराभर पुढे निघून गेली.

लेणी पाहून आम्ही वाघोरा नदीचा पूल ओलांडला आणि समोरचा व्ह्यू पॉइंटचा डोंगर चढू लागलो. ऑक्टोबरचे ऊन होते. अर्ध्या चढावर साठीच्या एका ताईंना भोवळ आली. सकाळच्या चहानंतर त्यांच्या पोटात पाण्याचा घोट गेला नव्हता. पाणी पुढे आणि ताई मागे. दुसऱ्या प्रवाशांनी आपली बाटली दिली, सावलीत बसवले, तेव्हा अर्ध्या तासाने त्या सावरल्या. विचारले तर म्हणाल्या, "घडीघडी कोणाले आवाज द्यायचा?"

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. सहलीत जेवण सामाईक असावे, पाणी नसावे. ज्याचे पाणी त्याच्याजवळ हवे, हात मागे नेला की मिळेल असे हवे. त्यासाठी एका दिवसाच्या पायी फिरण्याला कमरेच्या पिशवीसारखी सोय नाही. दुकानात तिला वेस्ट बॅग किंवा लंबर पॅक म्हणतात. रुंद पट्टा, मागे माकडहाडाच्या वर टेकणारी छोटी पिशवी आणि दोन्ही बाजूंना बाटलीची जागा, एवढाच तिचा थाट.

काहींना ही शहरी फॅशन वाटते. मला तर ती पाहिली की माझी माय आठवते. कापूस वेचायला जाताना ती कमरेला ओटी बांधायची. दोन्ही हात बोंडांवर आणि कापूस ओटीत. मी एकदा खांद्याला थैली अडकवून वेचायला लागलो, तर म्हणाली, "खांद्यावरचं ओझं मानेले ओढते बापा, कमरेचं पायावर जाते." यवतमाळच्या कापूसपट्ट्यात हे शहाणपण आपल्या बायांना कुणी शिकवावे लागले नाही.

मायच्या बोलण्यात शरीरशास्त्र आहे. एका खांद्यावर झोळी अडकवली, की शरीर नकळत दुसऱ्या बाजूला झुकते. तासाभराने मान आणि पाठ भरून येते. पाठपिशवीने तोल सांभाळला जातो, पण पाठ झाकली जाते आणि तिथला घाम वाळत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते. कमरेच्या पिशवीचे वजन कटीच्या हाडावर बसते आणि तिथून पायांवर उतरते. ओझे खाली आणि अंगालगत असल्याने उतारावर तोल जात नाही. सहस्रकुंडसारख्या ठिकाणी ओल्या खडकावर चालताना दोन्ही हात मोकळे राहतात. लेण्यांतल्या गर्दीत वळताना मागची मोठी पिशवी भिंतीला किंवा खांबाला घासते. ही लहान पिशवी फिरवून पोटावर घेता येते. आपला वारसा जपायचा, तर तेवढे भान हवेच.

पण मर्यादाही मायनेच शिकवली. ओटी जड झाली की ती ढिगावर रिकामी करायची आणि मगच पुढची ओळ धरायची. मजुरी किलोवर, म्हणून ज्या बाया ओटी तुडुंब होईपर्यंत वेचत राहत, त्यांची कंबर रात्री धरायची. कमरेच्या पिशवीचेही तसेच आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीड लिटर पाणी, मूठभर फुटाणे किंवा गूळ-शेंगदाणे, टोपी, रोजच्या गोळ्या आणि ओआरएसचे पाकीट एवढे पुरे. सगळे मिळून अडीच-तीन किलोंच्या वर जाऊ देऊ नका. त्याहून जास्त न्यायचे असेल, तर दोन्ही खांद्यांची आणि कमरपट्टा असलेली पाठपिशवीच बरी.

पट्टा पोटावर आवळू नका, श्वास अडतो. तो बेंबीच्या खाली, कटीच्या हाडावर बसवा. चार बोटे आत जातील इतका सैल असेल, तर पिशवी हेलकावे खाते आणि कमरेला घासते. दोन बोटे जेमतेम जातील इतपत घट्ट ठेवा. बाटल्या दोन्ही बाजूंना सारख्या भरा आणि पाणीही आलटून पालटून प्या. गरोदर भगिनी, हर्निया असलेले, पोटाचे ऑपरेशन नुकतेच झालेले आणि मणक्याचा त्रास असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमरेला ओझे बांधू नये.

पैशांची अडचण असेल, तर वस्तीतल्या शिंप्याकडून जाड कॅनव्हासची पिशवी शिवून घ्या. दोन इंची पट्टी आणि एक मजबूत बकल लावले की काम झाले.

आता एक गोष्ट भगिनींसाठी. त्या ताईंनी नंतर खरे कारण सांगितले. वाटेत शौचालय मिळेल की नाही या भीतीने त्यांनी आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडले होते. आपल्या घरोघरी हेच चालते. पाणी तोडल्याने लघवीची जळजळ, डोकेदुखी आणि भोवळ ओढवते. लघवी गडद पिवळी दिसली, की शरीर पाणी मागते आहे असे समजा. सहल काढणाऱ्यांनी गाडी ठरवतानाच कुठे कुठे थांबायचे ते ठरवावे आणि दर दोन तासांनी थांबा द्यावा. कमरेला बाटली बांधून भागणार नाही. ती पिता येईल अशी सोय करणे ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.

गेल्या वर्षी आम्ही नियम केला. गाडीत चढताना प्रत्येकाची बाटली भरलेली आहे का, ते दारातच पाहायचे. त्या ताई पुन्हा आल्या होत्या. कमरेला नातवाची पिशवी बांधून त्या व्ह्यू पॉइंटपर्यंत चढल्या आणि वर पोहोचल्यावर मागून धापा टाकत येणाऱ्या मलाच म्हणाल्या, "घ्या दादा, घोटभर प्या."